किपलिंगच्या ‘बॉम्बे एडिशन’चा संच : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका जुन्या, महागड्या पुस्तकसंचाच्या मागे मी पंचवीसहून अधिक वर्षं आहे. ओळखीच्या सगळ्यांना हे ठाऊक असल्यामुळे लग्नकार्यात, लोकलमध्ये, बँकेतल्या जुन्या मैत्रिणी भेटल्या की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. अलीकडे अनोळखी वाचकही विचारू लागले आहेत. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते.

हा संच नेमका कसला?

‘जंगल बुक’ लिहिणाऱ्या रड्यार्ड किपलिंगच्या गद्य-पद्य लेखनाचा. लंडनच्या मॅकमिलन कंपनीने तो ३१ खंडांत काढला. पहिले खंड १९१३ साली आले आणि शेवटचे १९३८ साली, म्हणजे किपलिंग वारल्यावर दोन वर्षांनी. एकूण १,०५० संच छापले आणि पहिल्या खंडात, ‘प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स’मध्ये, किपलिंगने स्वतः सही केली. आकार मोठा, समास ऐसपैस, अक्षर डोळ्यांना सुखावणारं. बांधणी मात्र साधी आहे. पुठ्ठ्यावर कागद, कण्याला जाडं कापड आणि त्या कापडावर नावाची कागदी पट्टी, एवढंच. चामडं आणि सोनेरी वेलबुट्टी पाहायला मिळेल म्हणून कुणी आलं, तर ते निराश होईल.

या आवृत्तीचं अधिकृत नाव ‘बॉम्बे एडिशन’. माझं सगळं या नावापासून सुरू झालं.

लंडनमध्ये छापलेल्या संचाला मुंबईचं नाव कसं?

किपलिंग मुंबईचा. ३० डिसेंबर १८६५ ला तो इथे जन्मला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग त्याच वर्षी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवायला आले होते आणि बिऱ्हाड शाळेच्या आवारातच होतं. आज त्या आवारात जो लाकडी बंगला ‘किपलिंगचा’ म्हणून दाखवतात तो नंतर बांधलेला आहे. जन्माचं घर उरलेलं नाही.

पाच वर्षांचा होईपर्यंत तो इथे वाढला. आयुष्याच्या शेवटी लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याने पहिली आठवण सांगितली आहे ती पहाटेच्या उजेडाची, रंगांची, आणि आपल्या खांद्याच्या उंचीवर रचलेल्या सोनेरी-जांभळ्या फळांची. आया त्याला सकाळी फळबाजारात फिरायला नेत असे. परत येताना धाकट्या बहिणीच्या बाबागाडीवर फळांची रास असायची. आया रोमन कॅथलिक, तो तिला ‘पोर्तुगीज’ म्हणतो. त्या काळच्या मुंबईत अशी ओळख सांगणारी बाई गोव्याची नाही तर वसई-साष्टीकडची असणार, असं मी धरून चालते. रस्त्याकडेच्या क्रुसापाशी ती प्रार्थना करी आणि हा शेजारी उभा राही. मीता नावाचा हिंदू नोकर त्याला लहान लहान देवळांत घेऊन जाई. तिथे मीताचा हात धरून तो अर्धवट अंधारातल्या देवांकडे बघत बसे.

दुपारी ही दोघं मुलांना गोष्टी सांगून निजवत. संध्याकाळी मुलांना कपडे करून जेवणघरात आईबापांकडे पाठवताना बजावत, ‘आता पप्पा-मम्माशी इंग्रजीत बोला.’ मग मुलं अडखळत इंग्रजी बोलायची. ज्या देशी बोलीत ती विचार करत आणि स्वप्नं बघत, त्या बोलीतून मनातल्या मनात भाषांतर करून.

१८७१ मध्ये त्याला आणि बहिणीला इंग्लंडला नेलं आणि पैसे घेऊन मुलं सांभाळणाऱ्या एका परक्या घरी ठेवून आईबाप परतले. त्या घरातल्या वर्षांचा कडवटपणा त्याच्या लेखनात शेवटपर्यंत दिसतो. १८८२ च्या ऑक्टोबरात, सोळा वर्षं नऊ महिन्यांचा असताना, तो पुन्हा मुंबईला उतरला. तेव्हाचं त्याचं एक वाक्य मी कितीदा वाचलं असेल. इथल्या दृश्यांतून आणि वासांतून हिंडताना त्याच्या तोंडून देशी बोलीतली वाक्यं आपसूक बाहेर पडू लागली, आणि त्यांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता.

मुंबईत तो राहिला नाही. लगेच लाहोरला गेला, मग अलाहाबाद, मग कायमचा बाहेर. १८९१ च्या अखेरीस हिंदुस्थानात शेवटचा आला तेव्हा मुंबईत त्याला त्याची आया भेटली. खूप म्हातारी झालेली, पण तशीच. तिने रडत रडत आशीर्वाद दिले, एवढंच त्याने लिहून ठेवलं आहे. १८९६ च्या कवितासंग्रहाच्या आरंभी त्याने मुंबईला उद्देशून एक अर्पणकविता लिहिली. तिच्यात तो म्हणतो की हे शहर माझ्यासाठी नगरांची माता आहे, कारण मी तिच्या दारात जन्मलो, माडांच्या आणि समुद्राच्या मधे, जिथे जगाच्या टोकाला जाणाऱ्या आगबोटी थांबलेल्या असतात.

अशा माणसाच्या सही केलेल्या संचावर या शहराचं नाव असणं मला नुसतं शोभेपुरतं वाटत नाही.

तुम्हाला हा नाद कधी लागला?

१९९९ च्या हिवाळ्यात. मी तेव्हा फोर्टमधल्या एका बँकेत होते. जेवणाच्या सुट्टीत हुतात्मा चौकातल्या पदपथावरच्या पुस्तकवाल्यांकडे एक चक्कर ठरलेली असे. तेव्हा तिथे पुस्तकांच्या भिंतीच्या भिंती उभ्या असायच्या. एका ढिगात इंजिनिअरिंगच्या गाइडांखाली एक मळकट मोठं पुस्तक दिसलं. उघडलं तर किपलिंगची ‘किम’ ही कादंबरी, आणि आतल्या पानावर आवृत्तीचं नाव. ‘बॉम्बे’ हा शब्द बघून मला वाटलं मुंबईत छापलेलं असेल. खाली लंडन होतं.

विक्रेत्याने सहाशे रुपये सांगितले, मी चारशेला घेतलं. त्या महिन्यात चारशे रुपये माझ्यासाठी लहान रक्कम नव्हती.

घरी येऊन पाहिलं तर शेवटची काही पानं कडेला जोडलेलीच होती, कुणी कापली नव्हती. म्हणजे आधीच्या मालकाने पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. बाकीचे तीस कुठे असतील, हा प्रश्न त्या रात्री डोक्यात शिरला तो अजून गेलेला नाही.

किंमत किती आहे?

पूर्ण संच, सही शाबूत आणि अवस्था बरी असेल, तर परदेशी विक्रेत्यांकडे तो काही लाख रुपयांत जातो. नंतर कुणी नामांकित बांधणीकाराकडून चामड्यात बांधून घेतला असेल तर आणखी वर. सुटे खंड मात्र दोन-चार हजारांतही मिळतात, कारण एकट्या खंडाला संग्राहक विचारत नाही.

माझ्या आवाक्यात तो कधी होता का? नोकरीत असताना नाही. आता निवृत्त आहे, एक आवर्ती ठेव फक्त यासाठी सुरू आहे. ती दोनदा मोडली. एकदा आईच्या मोतीबिंदूच्या वेळी आणि एकदा मुलीच्या शिक्षणासाठी. दोन्ही वेळा मोडताना हात अडखळला नाही.

सगळा किपलिंग इंटरनेटवर फुकट आहे. मग कागदाला एवढे पैसे का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. किपलिंग १८ जानेवारी १९३६ ला वारला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, तेव्हा त्याच्या कथा-कवितांवर आता कुणाची मालकी नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर जा आणि वाचा. मीसुद्धा फोनवर वाचते. विरार लोकलमध्ये उभ्याने दुसरं काही शक्यही नसतं.

पण मजकूर मिळणं आणि संच दिसणं यांत मला फरक वाटतो, आणि तो दिखाऊपणाचा नाही. हे ३१ खंड यायला पंचवीस वर्षं लागली. १९१३ मध्ये ज्याने वर्गणी भरली, त्याच्या घरी पुस्तकं हप्त्याहप्त्याने येत राहिली. मधे पहिलं महायुद्ध झालं. किपलिंगचा एकुलता एक मुलगा जॉन सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत मारला गेला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. दृष्टी अधू म्हणून सैन्यात घेत नव्हते, बापानेच वशिला लावून भरती केलं होतं. त्यानंतरचा किपलिंग वेगळा आहे. वाक्यं आखडलेली, गोष्टींमध्ये न बोललेलं दुःख जास्त. संच ओळीने लावला की ही रेघ दिसते. अमुक खंडापर्यंत बाप आहे आणि अमुक खंडापासून मुलगा गमावलेला बाप. स्क्रीनवर सगळ्या गोष्टी एकाच वयाच्या वाटतात.

दुसरं कारण साधं आहे. त्या १,०५० प्रतींतली प्रत्येक प्रत कुठल्या तरी घरात राहून आली आहे. माझ्या ‘किम’मध्ये एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलं आहे. तो कप कुणाचा असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

साम्राज्याची तरफदारी करणाऱ्या लेखकावर मराठी बाईने जीव का टाकावा?

हा प्रश्न चिडून विचारला जातो आणि मी तो टाळत नाही. १८९९ मध्ये ‘गोऱ्या माणसाचं ओझं’ ही कविता त्याने लिहिली. फिलिपाइन्स घेणाऱ्या अमेरिकेला उद्देशून असली तरी तिच्यातला उर्मटपणा आपल्यालाही लागू होता. शिकलेल्या हिंदी माणसाची त्याने टिंगल केली. जालियनवाला बागेनंतर डायरसाठी इंग्लंडमध्ये निधी उभारला गेला, त्यात किपलिंगने पैसे दिले. हे मला कळलं तेव्हा ‘किम’ मी कपाटात उलटं ठेवलं होतं आणि वर्षभर हात लावला नव्हता.

परत उघडलं ते आत्मचरित्र वाचल्यावर. ती पहिली पाच वर्षं वाचून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. या माणसाला गोष्ट सांगायला प्रथम शिकवलं ते मुंबईतल्या एका आयाने आणि मीता नावाच्या नोकराने. तेही त्यांच्या बोलीत, भर दुपारी, खिडक्या लावलेल्या खोलीत. ‘जंगल बुक’मधले प्राणी ज्या ऐटीत बोलतात ती ऐट आणि ‘किम’मधला रस्त्यावरच्या बोलण्याचा ठसका इंग्रजी शाळेत मिळालेला नाही. तो मोठा झाला आणि त्याच लोकांवर राज्य करणं आपला हक्क आहे असं मानू लागला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांतली एकही दुसरीखाली झाकायची नाही.

आयाचं नाव त्याने लिहून ठेवलेलं नाही. ज्या संचावर तिच्या शहराचं नाव छापलं आहे, त्यात तिचं नाव कुठेच नाही. मला तो संच हवा आहे यामागे हेही एक कारण आहे. तो इथे, मुंबईतल्या कपाटात असावा आणि तो बघायला येणाऱ्याला त्या बाईबद्दल सांगता यावं.

‘किम’ मात्र मी कुणासमोरही उचलून धरीन. त्या कादंबरीतल्या म्हाताऱ्या लामाइतका निर्मळ माणूस किपलिंगने दुसरा निर्माण केला नाही. आणि सुरुवातीला लाहोरच्या अजबखान्यात, म्हणजे संग्रहालयात, त्या लामाशी अदबीने बोलणारा साहेब म्हणजे लेखकाचे वडीलच आहेत. लॉकवुड किपलिंग १८७५ मध्ये मुंबई सोडून लाहोरला गेले आणि तिथल्या संग्रहालयाचे प्रमुख झाले.

संच पूर्ण आहे हे कसं ओळखावं? फसवणूक होते का?

आधी खंड मोजा. ३१ हवेत. कित्येक संच वीस-पंचवीस खंडांवर थांबलेले दिसतात. वर्गणीदार वारले, वारसांना रस नव्हता, किंवा मधल्या वर्षांत पत्ताच बदलला. असे संच ‘संपूर्ण’ म्हणून विकायला ठेवलेले मी पाहिले आहेत.

मग पहिला खंड मागवून सही बघा. फोटो नुसत्या सहीचा नको, अख्ख्या पानाचा हवा, आणि त्या पानाचा कण्याकडचा सांधाही दिसला पाहिजे. हे मी ठेच लागून शिकले. २०११ मध्ये एका परदेशी विक्रेत्याशी माझा व्यवहार जवळजवळ ठरला होता. भाव माझ्या ठेवीत बसणारा होता, म्हणजे संशय यायलाच हवा होता. मी सहीच्या पानाचा फोटो मागितला तर आठवडाभर उत्तर नाही. शेवटी आला तो फोटो पाहिला तर पानाचा वरचा तुकडा ब्लेडने कापून काढलेला. सही कुणीतरी कधीच वेगळी विकली होती. वर्णनात त्याचा उल्लेख नव्हता. मी पैसे पाठवले नव्हते म्हणून वाचले, पण त्या कापलेल्या पानाचं चित्र अजून डोळ्यांसमोर येतं. पुस्तकाला इतकी इजा करून कुणाला समाधान कसं मिळतं, मला कळत नाही.

त्यानंतर कणे तपासा. कागदी पट्ट्या उन्हाने करपतात, सोलतात. पानांवरचे तांबूस ठिपके जुन्या कागदाला येतातच, थोडे असले तर घाबरू नका. बुरशीचा वास मात्र फोटोत दिसत नाही, तो विचारूनच घ्या. आणि सगळे खंड एकाच मूळ संचातले आहेत का, हेही विचारा. दोन-तीन अर्धे संच जोडून एक केला असेल तर ते पाप नाही, पण किमतीत दिसलं पाहिजे.

त्याहून भारी असा ‘ससेक्स’ संच आहे म्हणे. तो का नको?

आहे. १९३७ ते १९३९ मध्ये मॅकमिलननेच काढला, ३५ खंड, फक्त ५२५ संच, लाल चामड्याची बांधणी. त्यासाठी किपलिंगने शेवटच्या वर्षांत आपलं लेखन स्वतः तपासून दिलं आणि सह्याही मरणापूर्वी करून ठेवल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांत त्याचा बराच साठा जळाला, म्हणून तो आणखीच दुर्मीळ झाला. अभ्यासकाने निवड करायची तर तोच करावा. त्याची किंमत बॉम्बे एडिशनच्या कितीतरी पट आहे. मी तो प्रत्यक्ष पाहिलेला नाही आणि मला त्याची ओढही नाही. ससेक्स हा इंग्लंडातला परगणा, जिथे त्याने उत्तरायुष्य काढलं. माझा त्या मुलखाशी संबंध नाही.

न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर कंपनीने १८९७ पासून काढलेला ‘आउटवर्ड बाउंड’ नावाचा ३६ खंडांचा संच मात्र बघण्यासारखा आहे, तोही चित्रांसाठी. लॉकवुड किपलिंगनी मुलाच्या गोष्टींवर मातीची उठावशिल्पं केली, त्यांचे फोटो काढून ते चित्रं म्हणून छापले. जे. जे.त शिल्पकला शिकवणाऱ्या बापाचे हात त्यांत दिसतात.

आमच्या आजोबांकडच्या किपलिंगवर स्वस्तिक आहे. ते नाझींचं आहे का?

नाही. ते आपलंच आहे. सोंडेत कमळ धरलेला हत्ती आणि शेजारी स्वस्तिक, हे चिन्ह किपलिंगच्या वडिलांनी केलेलं. जुन्या मॅकमिलन प्रतींवर ते सर्रास दिसतं. जर्मनीत नाझींनी स्वस्तिक उचलल्यावर किपलिंगने ते आपल्या पुस्तकांवरून काढायला लावलं. त्यामुळे स्वस्तिक असलेली प्रत साधारण १९३० च्या दशकाआधीची, एवढा अंदाज बांधता येतो. ती छोटी लाल पुस्तकं भारतात पुष्कळ आली होती, अजून जुन्या घरांत निघतात. रद्दीत घालू नका.

भारतात छापलेलं किपलिंगचं काही मौल्यवान आहे का?

१८८८ मध्ये अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीने रेल्वे स्टेशनांवर विकण्यासाठी त्याच्या सहा पुस्तिका काढल्या. ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’, किंमत १ रुपया. होय, तेच व्हीलर, ज्यांचे स्टॉल आपण दादरला आणि कल्याणला पाहत मोठे झालो. मुखपृष्ठांची चित्रं लॉकवुड किपलिंगच्या लाहोरमधल्या कलाशाळेत तयार झाली. प्रवासात वाचून टाकून द्यायची पातळ पुस्तकं ती, म्हणूनच फार थोडी उरली. आज मुखपृष्ठासकट चांगली प्रत सापडली तर संग्राहक त्यावर तुटून पडतात. विदर्भ-खानदेशातल्या जुन्या रेल्वे वसाहतींत कुणाच्या पेटाऱ्यात एखादी असेल, असं मला नेहमी वाटतं.

विदर्भावरून आठवलं. ‘जंगल बुक’ महाराष्ट्रातलं आहे का?

नाही, पण शेजारचं आहे. मोगलीच्या गोष्टी घडतात शिवनीच्या डोंगरांत, म्हणजे मध्य प्रदेशात. त्यातली वैनगंगा मात्र पुढे आपल्या गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत येते. किपलिंगने हे जंगल स्वतः पाहिलं नव्हतं. मोगलीच्या गोष्टी त्याने अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून लिहिल्या.

मुंबईच्या दमट हवेत अशी पुस्तकं टिकतात का?

टिकतात, पण दुर्लक्ष करून चालत नाही. माझे नियम सांगते.

काचेचं कपाट घट्ट बंद ठेवू नका. आत कोंदट झालं की बुरशी धरते. पावसाळ्यात एखादा कोरडा दिवस मिळाला की दारं उघडा आणि पंखा लावा. पुस्तकं बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल तिथूनच येते. डांबरगोळ्या पानांत घालू नका. आमच्या आजीने पोथ्यांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवला होता, त्यातलं वेखंड मी पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवते. पाला ठेवत नाही, त्याचे डाग पडतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर महिन्याला बदला.

कसर लागली तर औषध फवारू नका. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पानांवर पाणी धरतं. शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं. फाटलं तरी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक कागद पिवळा करतो आणि निघत नाही. जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने डागडुजी करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे न्या.

परदेशातून मागवताना काय लक्षात ठेवावं?

वजन. माझा एक खंड किलोच्या आसपास भरतो, त्यावरून ३१ खंडांचा अंदाज करा. कुरिअरचा खर्च कधी कधी पुस्तकाच्या भावाला आव्हान देतो. छापील पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पात ५ टक्के आयात शुल्क आलं, तेव्हा मागवण्याआधी चालू दर बघून घ्या. विमा काढा. प्रत्येक खंड वेगळा गुंडाळायला सांगा, आणि हे लेखी घ्या.

पैसे नाहीत, पण ही ओढ लागली आहे. काय करावं?

क्रॉफर्ड मार्केटला जा. महात्मा फुले मंडईच्या दर्शनी कमानींवर उठावशिल्पं आहेत, शेतकरी, बाजारहाट, ओझी वाहणारी माणसं. ती लॉकवुड किपलिंगची. आतलं कारंजं विल्यम इमर्सनच्या आराखड्याचं, त्यावरचं शिल्पकाम लॉकवुडचं. रोज हजारो माणसं त्याखालून भाजी घेऊन जातात. मान वर करून पाहायला पैसे पडत नाहीत. तिथून जे. जे.चं आवार दोन मिनिटांवर आहे.

मग सुटे खंड शोधा. पूर्ण संचाच्या नादात सुट्या खंडांना नाकं मुरडली याचा मला पश्चात्ताप आहे. २००४ मध्ये दोन खंड एकत्र मिळत होते, ते मी ‘पूर्णच घेईन’ म्हणून सोडले. आता तसं करत नाही. आज माझ्याकडे चार आहेत. चारही वेगवेगळ्या घरांतून आलेले, कण्यांचे रंग जुळत नाहीत. शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि पुढे सत्तावीस खंडांची जागा मोकळी आहे. त्या जागेत दुसरं काही ठेवायचं नाही, एवढं घरच्यांनी मान्य केलं आहे.

घरचे काय म्हणतात?

नवरा पहिल्यापासून म्हणतो, घे. तो वाचत नाही, पण मला काय हवं आहे हे त्याला बरोबर कळतं. मुलगी म्हणायची, आई, एवढ्या पैशांत युरोप बघून येशील. मी तिला जे. जे.च्या आवारात नेलं, आयाची आणि मीताची गोष्ट सांगितली. तेव्हापासून तिच्या पगारातून दर दिवाळीला माझ्या ठेवीत थोडे पैसे पडतात. मी नको म्हणते, ती ऐकत नाही.

‘किम’ची ती न कापलेली पानं अजून तशीच आहेत का?

जुनी पुस्तकं मोठ्या कागदावर छापून, घड्या घालून शिवत, आणि घडीची कड वाचकाने सुरीने कापायची असे. न कापलेली पानं असतील तर संग्राहक ती तशीच ठेवायला सांगतात, किंमत जास्त येते. मी वीस वर्षं तशीच ठेवली. शेवट दुसऱ्या प्रतीत वाचला होता, त्यामुळे अडलं नव्हतं.

२०१९ च्या श्रावणात आई अंथरुणाला खिळली होती. दुपारी तिला झोप येत नसे, म्हणून मी ‘किम’ मराठीत सांगत सांगत वाचून दाखवत होते. रोज थोडं. लामा जिच्या शोधात असतो ती नदी शेवटी त्याला सापडते तिथवर आलो आणि पुढची पानं जोडलेली. दुसरी प्रत आतल्या खोलीत होती. आई म्हणाली, ‘अगं, फाड की.’ फाडलं नाही. बाबांची पत्रं उघडायची पितळी सुरी तिच्या उशाशीच होती, त्या सुरीने कापलं. आठ पानं होती. कडेचा बारीक कागदी चुरा चादरीवर पडला, तो आईने बोटाने गोळा केला आणि मला म्हणाली, ‘हं, पुढे.’